कामापुरता कान

आमच्या कारखान्यात कप-बश्या होतात. पांढऱ्या, जाड, कडेला एक निळी रेघ. दिसायला फार काही नाहीत, पण टिकतात. भट्टीतून निघालेले सगळे कप सारखेच दिसतात आणि तरी शंभरातल्या चार-पाचांना केसाएवढा तडा गेलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. कप बुडाशी तीन बोटांत धरायचा आणि कडेवर टिचकी मारायची. चांगला कप खणकन वाजतो आणि जरा वेळ वाजतच राहतो. तडकलेला थप्प करून गप्प बसतो. चांगला हिरव्या क्रेटमध्ये, बाद तांबड्या क्रेटमध्ये. तीस वर्षं हे काम करणारे आमचे टिचकीमामा.

मी त्याच कारखान्यात कामगार कल्याण विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट, ज्याचं दार एकदा उघडलं की लागत नाही. कामगारांच्या आरोग्य विम्याचे फॉर्म भरणं हे माझं काम. सतरा वर्षं फॉर्म भरून माझा स्वभाव बिघडला असं माझा नवरा म्हणतो. माझं म्हणणं असं की स्वभाव आधीपासूनच असा होता, फॉर्मनी त्याला नोकरी दिली.

मामांशी कामाच्या जागी कधी कुणी धड बोललंच नव्हतं. तरुणपणी बारा वर्षं ते दगड दळायच्या चक्कीवर होते. तिथे इतकी घरघर असते की माणसं हातवाऱ्यांनी आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलतात. मग ते तपासणीला आले, तर त्या खोलीच्या दारावर पाटी, 'मोठ्याने बोलू नये', कारण टिचकी ऐकू आली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आग लागली तर काय करायचं याची तालीम झाली. भोंगा वाजला, आम्ही सगळे पायांत पाय अडकवत मैदानात धावलो. मामा एकटे आत बसून टिचक्या मारत राहिले. सुरक्षा अधिकाऱ्यांना ते इतकं आवडलं की 'आणीबाणीच्या प्रसंगी विलक्षण संयम' असं प्रशस्तिपत्रक त्यांनी मामांना सगळ्यांसमोर दिलं. मामांनी ते घरी भिंतीवर लावलं. कशाबद्दल मिळालं हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण कुणी प्रेमानं काही दिलं तर खोदून विचारू नये असा त्यांचा स्वभाव. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर जरा जास्तच.

मामांचं लग्न झालं नाही. थोरली बहीण आक्का, तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. दोघं माझ्याच इमारतीत राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. आक्कांचा आवाज असा की घड्याळाची गरज नाही. मामांनी आंघोळीला टॉवेल घेतला का, भाजीत मीठ बरोबर आहे का, पोट साफ झालं का, ही चौकशी चारही मजले रोज ऐकायचे. सकाळी मामा कामाला निघाले की आक्का दारात उभ्या राहायच्या आणि जिन्यात शेवटची गर्जना व्हायची. एकदा जिन्यातच मामा मला म्हणाले होते की आक्का पूर्वी अशी नव्हती. लहानपणी इतकी हळू बोलायची की आई तिला म्हणायची, बाई, जरा तोंड उघड. गेल्या पाच-सहा वर्षांतच तिला काय झालंय कोण जाणे. मी मनात म्हटलं, भाऊच तो, पांघरूण घालणारच.

त्यातून आक्का दर महिन्याला कारखान्याच्या दुकानातून चार नवे कप विकत आणायच्या. दोन माणसांच्या घरात महिन्याला चार कप कशाला लागतात? इमारतीनं एकमतानं ठरवलं की त्या मामांवर फेकून मारत असणार. शेवटी सगळ्यांनी मिळून तक्रार अर्ज करायचं ठरलं आणि अर्ज लिहिण्यात माझा हात कोण धरणार, म्हणून तो मी लिहिला. 'असह्य' हा शब्द मी त्यात दोनदा वापरला. कपांचाही उल्लेख केला.

गेल्या वर्षी आक्कांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासलं तर आतून गाठी आलेल्या. ऑपरेशन झालं, विम्यानं सगळा खर्च दिला. फॉर्मवर 'आजाराचे कारण' या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'दीर्घकाळ मोठ्याने ओरडणे'. ते वाक्य उतरवून घेताना मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे कबूल करते. ऑपरेशननंतर आक्कांपाशी फुंकरीएवढा आवाज उरला. याहून जोर लावलात तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. इमारतीत लोक म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला.

पंधरा दिवसांनी मामा दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातातली टोपी गोल फिरवत. आक्का अजून रोज सकाळी दारात उभी राहते, ओठ जेमतेम हलवते, पण ऐकू काही येत नाही. पुन्हा विचारलं तर 'जा' म्हणून हात करते. लिहून दे म्हटलं तर एकदाच लिहून दिलं, "मी काय ऑफिस आहे का?"

"ताई," मामा म्हणाले, "आवाज मोठा करायचं काहीतरी मशीन असतं म्हणे. तिच्यासाठी विम्यात बसतंय का बघा. ती रोज काहीतरी सांगते आणि मी न ऐकताच जिना उतरतो. साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझ्या टेबलाशी लोक रडतात, त्याची मला सवय आहे, पण ते खर्चापायी रडतात. बहिणीचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग आम्ही तिघं विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे घशाचं टेबल वेगळं आणि कानाचं टेबल वेगळं, मध्ये हातभर वाट. घशाच्या माणसानं आक्कांना समोर बसवून काहीतरी बोला म्हणून सांगितलं. आक्का बोलल्या. त्यानं लगेच लिहून घेतलं, 'खुर्ची डुगडुगते आहे.' म्हणाला, मला तर स्पष्ट ऐकू आलं, आवाज चालू स्थितीत आहे. मलाही ऐकू आलं होतं. मामा मात्र आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होते. घशाच्या माणसानं पेनचं टोपण लावलं आणि सांगितलं, बोलणारं माणूस ठीक आहे, दोष असलाच तर ऐकणाऱ्यात, तेव्हा तुमचं काम पलीकडच्या टेबलाला.

कानाच्या माणसानं हे सगळं हातभर अंतरावरून ऐकलं होतं, तरी पहिल्यापासून सांगायला लावलं. मामा ठासून म्हणाले की मला सगळं ऐकू येतं, रोज दीड-दोन हजार कप ऐकतो, फक्त हिचंच येत नाही. त्यानं तसंच लिहिलं, 'फक्त बहिणीचे ऐकू येत नाही', आणि वर म्हणाला, हा त्रास बहुतेक पुरुषांना असतो, पॉलिसीत बसत नाही. तरी नियम म्हणून कान तपासून घ्या. तेवढ्यात आक्कांनी मामांची बाही धरली आणि घरी चल म्हणून ओढायला लागल्या. चांगल्या जोरात ओढत होत्या. मला वाटलं दमल्या असतील.

कान तपासायच्या ठिकाणी मामांना एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून कागदावर लिहून दाखवलं. मामा बटणावर बोट ठेवून अतिशय अदबीनं बसून राहिले. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी विचारलं, कधी सुरू करणार?

संपलं होतं. दोन्ही कान जवळजवळ बंद. किमान सहा वर्षांपासून, असं रिपोर्टात लिहिलं होतं.

 दुसऱ्या दिवशी मामा राजीनामा घेऊन आले. सहा वर्षं कप न ऐकताच पास केले, कुणाच्या हातात कप फुटून उकळता चहा मांडीवर सांडला असेल, लहान मूल असेल, मला ठेवू नका, असं त्यात होतं. मी ग्राहकांच्या तक्रारींची फाइल काढली. निळी रेघ पुसली जाते अशा तक्रारी होत्या, बशी डगमगते अशा होत्या. कप तडकलेला निघाला अशी सहा वर्षांत एकही नव्हती. मी मामांना धरून तपासणीच्या खोलीत नेलं, म्हटलं हातच्या काकणाला आरसा कशाला, करून दाखवा. त्यांनी एक कप घेतला, टिचकी मारली, डोळे मिटले. मग दुसरा घेतला. चांगला कप बोटांत मुंग्या आल्यासारखा थरथरत राहतो, आणि तडकलेला जागीच निपचित पडतो. कान कधी बोटांत उतरले ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. मी राजीनामा फाडला. सतरा वर्षांत मी फाडलेला तो पहिला कागद.

आता कानाच्या मशीनचा फॉर्म भरायचा होता. त्यात 'आवश्यकता' या रकान्यात मी खरं कारण लिहिलं, घरी बहिणीचं बोलणं ऐकण्यासाठी. आठ दिवसांत फॉर्म परत. श्रवणयंत्र फक्त कामासाठी मिळतं. त्याच्याशिवाय तुमचं काम अडत असेल तर द्यायचं, नाहीतर नाही. कानाच्या माणसानं फोनवर समजावून सांगितलं की मॅडम, घरी ऐकणं ही हौस झाली. शिवाय कारखान्यानं फाइलमध्ये जोडलेलं प्रशस्तिपत्रक त्यांना सापडलं होतं. भोंगा ऐकूनही जो माणूस जागचा हलत नाही, त्याच्या कानाबद्दल काय शंका घ्यायची? तरी तुमचा आग्रहच आहे, तर निरीक्षक येऊन मामांचं काम प्रत्यक्ष बघतील. काम जमलं नाही तर मशीन मंजूर.

म्हणजे मामांना फक्त एक दिवस काम बिघडवायचं होतं. इतकं सोपं काम मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, तीन तडकलेले कप हिरव्या क्रेटमध्ये टाका, बस्स, नंतर मी काढून घेईन. आक्कांचं नाव काढलं तेव्हा कुठे ते तयार झाले. दुपारच्या सुट्टीत आम्ही सराव केला. मी मुद्दाम तडकलेला कप हातात द्यायचे, ते टिचकी मारायचे, मान डोलवायचे, आणि हात सरळ तांबड्या क्रेटकडे जायचा. मी म्हणायचे, हिरव्या. ते म्हणायचे, हो हो, चुकलं, आणि पुन्हा तांबड्या. पाचव्या दिवशी त्यांनी एक कप कसाबसा हिरव्यात ठेवला आणि पाण्याचा अख्खा तांब्या संपवला.

निरीक्षकांनी शंभर कप आणले होते. त्यातले सात तडकलेले, बुडाला पेन्सिलीनं बारीक खूण केलेले. मामा कामाला बसले. पहिला तडकलेला कप हातात आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. कप हिरव्यात गेला. माझा जीव भांड्यात पडला. मामांनी पुढचा कप उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी हिरव्या क्रेटमध्ये हात घालून मघाचा कप शोधून काढला, फडक्यानं पुसला आणि तांबड्यात ठेवला. त्यानंतर ते एकदाही अडखळले नाहीत.

तांबड्या क्रेटमध्ये आठ कप निघाले. निरीक्षक खूश झाले, एक चुकला म्हणाले. त्या आठव्या कपावर शाई ओतली, पुसली, तर बुडापासून कानापर्यंत एक निळी रेघ उमटली. निरीक्षकांनी रिपोर्टात लिहिलं, 'श्रवणशक्ती सामान्य माणसापेक्षा उत्तम.'

"ताई, रागावू नका," मामा मला म्हणाले. "तो कप कुणाच्या तरी घरी गेला असता."

मी इतकी चिडले होते की आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. अर्थात त्यांना ते कळलं नाही.

पण निरीक्षक म्हटला की रिपोर्टाच्या शेवटी एक सूचना लिहिल्याशिवाय त्याचा हात थांबत नाही. यांनी लिहिलं की सदर कामगार तडकलेल्या वस्तू उघड्या हातांनी हाताळतो, हातमोजे सक्तीचे करावेत, नाहीतर कारखान्याच्या अपघात विम्याचा विचार करावा लागेल. सुरक्षा अधिकाऱ्यांना तर आकाश ठेंगणं झालं. सोमवारी जाड, पिवळे, कोपरापर्यंतचे हातमोजे आले. नियम म्हटल्यावर मामांनी ते घातले.

हातमोजा घातलेल्या हातात सगळे कप मुके. मामांनी पहिला कप उचलला, टिचकी मारली, बराच वेळ धरून ठेवला आणि बाद केला. दुसराही बाद. ज्याची खात्री नाही तो पास करायचा नाही, हा त्यांचा नियम कारखान्याच्या नियमांहून जुना. संध्याकाळपर्यंत सतराशे साठ कप तांबड्या क्रेटमध्ये आणि हिरव्यात एक कोळी. मंगळवारी तेच. बुधवारी तांबडे क्रेट पुरेनात म्हणून स्टोअरकीपरनं हिरव्या क्रेटना तांबडा रंग द्यायला घेतला, तेव्हा मोठे साहेब खाली आले.

मामा सोडून दुसऱ्या दोघांना बसवून बघितलं होतं. त्यांना सगळेच कप चांगले वाटत होते. हातमोजे काढावेत तर अपघात विमा जातो, ठेवावेत तर कारखाना बंद पडतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी साहेबांना सुचवलं की एक पत्र देऊन बघा. ज्या वाक्यासाठी मी तीन महिने चपला झिजवल्या, ते साहेबांनी उभ्या उभ्या लिहून दिलं, 'श्रवणयंत्राशिवाय सदर कामगार काम करू शकत नाही.' दोन दिवसांत मंजुरी आली. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

घोडं काठावरच होतं. मंजुरीच्या पत्राला अटी जोडलेल्या होत्या. मशीन एकाच कानाचं मिळेल, कारण कप ऐकायला दोन कान लागतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. आणि मशीन फक्त कामासाठी दिलेलं असल्यामुळे ते कारखान्याचं अवजार समजावं, रोज सुट्टी झाली की स्टोअरमध्ये जमा करावं, गेटबाहेर नेऊ नये. कामापुरता मामा सगळ्यांनी ऐकलेला असतो. हा कामापुरता कान मी पहिल्यांदाच बघत होते.

मी कानाच्या माणसाला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरचं ऐकायचं असेल तर बहिणीच्या आवाजाचं बघा, ते घशाच्या टेबलाला, असं सांगून फोन ठेवला.

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं. स्टोअरकीपरनं रजिस्टरमध्ये फावडं आणि पाना यांच्यामध्ये त्याची नोंद केली. अवजारावर नंबर रंगवायचा त्याचा नियम, पण मशीनवर जागा नव्हती, म्हणून त्यानं दोऱ्यानं पुठ्ठ्याचा बिल्ला बांधला. मामांच्या कानाला तो बिल्ला लोंबकळायचा, दुकानातल्या नव्या शर्टासारखा. मशीन घातल्यावर त्यांनी पहिली टिचकी मारली आणि कप वाजायचा थांबला तरी तो धरूनच बसले.

"अजून असाच वाजतो हा," म्हणाले. "मला वाटलं होतं, माझ्याबरोबर तोही म्हातारा झाला असेल."

हिरवे क्रेट पुन्हा भरायला लागले. साहेब खूश, सुरक्षा अधिकारी खूश. पाच वाजता मामा बिल्ल्यासकट कान काढून रजिस्टरवर सही करायचे आणि बहिरे होऊन घरी जायचे. सकाळी आक्का दारात उभ्या, ओठ हलवत. आठ दिवसांनी मामा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, मशीन मिळालं ताई, पण जे ऐकायचं होतं ते राहिलंच. तक्रार नव्हती, नुसतं सांगून गेले. मला आपलाच राग आला. इतकी वर्षं फॉर्म भरते आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये? मशीन आक्कांकडे जाऊ शकत नसेल, तर आक्का मशीनकडे येऊ शकतात.

मी बाहेरच्या माणसासाठीचा पास काढला आणि 'भेटीचे कारण'मध्ये लिहिलं, 'उपकरणाची चाचणी'. गुरुवारी साडेचारला आक्का आल्या. लग्नाला निघाल्यासारखे कपडे, हातात पास घट्ट धरलेला. तपासणीच्या खोलीच्या दारावरची पाटी, 'मोठ्याने बोलू नये', त्यांनी नीट वाचली आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. मामांनी एक क्रेट उलटा करून, पुसून त्यांना बसायला दिला. मी जायला निघाले तर आक्कांनीच माझा हात धरून थांबवलं.

"आक्का," मामांनी विचारलं, "रोज दारात काय सांगतेस?"

आक्का पुढे वाकल्या. आवाज म्हणजे नुसता वारा, पण मामांची मान एकदम सरळ झाली.

"काही नाही रे. जिना बघून उतर, डबा आडवा धरू नकोस. तेच ते."

"मग लिहून का दिलं नाहीस?"

"लिहायला लागले असते तर तुझ्या मनात आलं असतं, हिला का लिहावं लागतंय. तुला कळू द्यायचं नव्हतं."

मामांना समजायला थोडा वेळ लागला. मला तर जास्तच लागला.

"तुला माहीत होतं?"

"सहा वर्षं झाली. तुझ्या पाठीमागे माझ्या हातून पातेलं पडलं आणि तू वळलाही नाहीस. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी काम सोडून आला असतास. काम सोडून घरी बसलेला तू मला बघवला नसतास. मग मी आवाज चढवला. म्हटलं, घरात ऐकू येत राहिलं की याला संशय येणार नाही."

"आणि कुणाच्या हातात तडकलेला कप गेला असता तर?"

"दर महिन्याला चार कप विकत आणत होते ना. एकेकाला टिचकी मारून बघायची. एक जरी थप्प वाजला असता, तरी त्या दिवशी सांगितलं असतं." त्यांनी दम घेतला. "एकही नाही वाजला. पलंगाखाली सगळे ठेवलेत, बघ जाऊन."

मामांनी पिवळे हातमोजे काढले आणि आक्कांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, त्यापायी घसा घालवलास. आक्का म्हणाल्या, गेला तर गेला, तुझं काम राहिलं. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मला तिथे उभं राहवेना. 'असह्य', दोनदा. त्या रकान्यातलं 'दीर्घकाळ मोठ्याने ओरडणे' उतरवताना मला बरं वाटलं होतं. विम्यानं त्यांच्या ओरडण्याचे परिणाम दुरुस्त करून दिले आणि ओरडण्याचं कारण तेवढं पॉलिसीत बसलं नाही, आणि त्या सगळ्या कागदांवर अक्षर माझं होतं. मी म्हटलं, "आक्का, तो इमारतीचा अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक आहे," आक्का म्हणाल्या. "अक्षर ओळखलं मी. कपांचं तेवढं खोटं होतं, बाकी बरोबर लिहिलंस."

पाच वाजले. स्टोअरकीपर रजिस्टर घेऊन दारात आला आणि त्यानं कानाकडे बोट दाखवलं. मामांनी तीस वर्षांत एक मिनिट जास्त थांबायला मागितलं नव्हतं. त्यांनी हात कानावर ठेवला, बिल्ल्यासकट झाकून घेतला.

"ताई," ते म्हणाले, "आज ओव्हरटाइम लिहा. काम बाकी आहे."

मी टेबलावरून फॉर्म आणला. नाव लिहिलं, विभाग लिहिला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'तपासणी'. 'किती वेळ' असं विचारलं तर मामा म्हणाले, सहा वर्षांचं साठलंय, मला काय माहीत. मी तो रकाना रिकामा सोडला आणि खाली सही केली. स्टोअरकीपर दुसरा क्रेट उलटा करून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसला. आक्का बोलत होत्या, अगदी हळू, लहानपणी बोलत असतील तशा, आणि मामा तोंडाकडे न बघता ऐकत होते.